आधी बॅटरी, मग ड्रिल

कॉर्डलेस हत्यारे घेणारा माणूस दुकानात ड्रिल पाहतो, पण पैसे मुख्यतः बॅटरीचे मोजतो. दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत पुष्कळदा नुसत्या ड्रिलपेक्षा जास्त भरते. ड्रिल नीट वापरले तर वर्षानुवर्षे चालते, बॅटरी त्याच्या कितीतरी आधी थकते. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या हत्याराला बसत नाही, म्हणून पहिल्या खरेदीने पुढची सगळी खरेदी ठरून जाते. त्यामुळे बॅटरी आधी निवडावी आणि तिच्यामागून हत्यार.

म्हैसूर शहराच्या नैऋत्येकडचे कुवेंपुनगर या निवडीचा विचार करायला सोयीचे आहे. वसाहतीला नाव आहे कन्नड महाकवी कुवेंपु यांचे. विश्वमानव दुहेरी रस्ता, पंचमंत्र रस्ता आणि उदयरवी रस्ता ही रस्त्यांची नावेही त्यांच्या विचारांवरून आणि त्यांच्या घराच्या नावावरून आलेली आहेत. इथे तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांच्या प्लॉटवरची स्वतंत्र घरे पुष्कळ आहेत. जुन्या बैठ्या घरावर मजला चढलेला असतो, शेजारचे घर पाडून नवे बांधलेले असते, तिसऱ्यात भाडेकरू बदलला म्हणून स्वयंपाकघर नव्याने होत असते. एकाच गल्लीत निरनिराळ्या काळांची बांधकामे सापडतात, आणि ड्रिलची खरी परीक्षा बांधकामाच्या या फरकातच होते.

स्वतंत्र घरामुळे आणखी एक गोष्ट घडते. काम खोल्यांपुरते राहत नाही. फाटकाची बिजागरी, कंपाउंडवरची जाळी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पाइप, सोलर हीटरच्या क्लॅम्प, नारळाखालचा पत्रा अशी कामे जिथे निघतात तिथे प्लग नसतो. वायरवाल्या ड्रिलसाठी एक्स्टेंशन बोर्ड जिन्यावरून वर न्यावा लागतो, ओल्या फरशीवरून ओढावा लागतो. एप्रिल-मेमधल्या वळिवात वीज गेली की काम थांबते. कॉर्डलेस हत्याराचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक उपयोग इथेच आहे: काम जिथे असेल तिथे ताकद नेणे, आणि शिडीवर उभ्या माणसाच्या पायात वायर न येऊ देणे.

भिंतीत काय आहे

हत्याराची निवड कंपनीच्या माहितीपत्रकापासून सुरू होते तेव्हा ती बहुधा चुकते. ती भिंतीपासून सुरू करायला हवी.

कुवेंपुनगरातल्या जुन्या घरांच्या भिंती भाजक्या विटांच्या आहेत. वर अर्ध्या इंचाच्या आसपास गिलावा असतो. अशा भिंतीत ६ किंवा ८ मिलिमीटरचे छिद्र पाडायला १८ व्होल्ट वर्गातले साधे हॅमर ड्रिल पुरते. त्या ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची एक जोडी असते. दाब दिला की चकत्या एकमेकींवरून घसरत उड्या मारतात आणि बिट फिरता फिरता हलके ठोके देते. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण प्रत्येकात जोर थोडा असतो आणि तो बराचसा ड्रिल धरणाऱ्याच्या दाबावर अवलंबून असतो. विटेला तेवढा पुरतो.

पडद्याचा रॉड बसवायची वेळ येते तेव्हा हेच ड्रिल अडते. खिडकीच्या वर, जिथे रॉडचे ब्रॅकेट लागते, नेमके तिथे काँक्रीटचे लिंटेल असते. खोलीभर सहज चाललेले ड्रिल त्या चार छिद्रांवर येऊन अर्ध्या इंचानंतर नुसते फिरत राहते, बिटचे टोक लाल होते, बॅटरी तापते. आत सळई लागली तर प्रश्नच मिटला. पुष्कळ लोक अशा वेळी ड्रिलला दोष देतात आणि जास्त व्होल्टचे ड्रिल शोधू लागतात. कमी पडलेले व्होल्ट नसतात, ठोक्याची जात वेगळी हवी असते.

ती जात म्हणजे रोटरी हॅमर. त्यात मोटर एक दट्ट्या पुढे-मागे चालवते आणि दट्ट्यासमोर कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे काम करून हातोडीचा ठोका बिटच्या बुडावर मारते. ठोके मिनिटाला काही हजारच असतात, पण प्रत्येक ठोक्यात एक-दोन ज्यूल किंवा त्याहून जास्त ऊर्जा असते. हातांनी जोर द्यावा लागत नाही, हत्यार नुसते सरळ धरायचे. बिटही वेगळे असते: एसडीएस-प्लस जातीचे, १० मिलिमीटर जाडीच्या खाचदार दांड्याचे, जे चकमध्ये पुढे-मागे सरकू शकते. १८ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे दोन ज्यूलच्या आसपासचे रोटरी हॅमर आता सहज मिळतात. लिंटेल, स्लॅब, कॉलम यांत फॅनचे हुक, एसीचे ब्रॅकेट किंवा अँकर बोल्ट बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हेच लागते. नव्या घरांच्या भिंती भरीव काँक्रीट ब्लॉकच्या असतात. त्यांची घनता ब्लॉक बनवणाऱ्यानुसार बदलते. काही ब्लॉक विटेइतके मऊ निघतात, काही लिंटेलच्या जवळ जातात. ब्लॉकच्या घरात नियमित काम असेल तर रोटरी हॅमरच घ्यावे.

ग्रॅनाइटचा ओटा आणि बाथरूमच्या टाइल यांना मात्र ठोका अजिबात चालत नाही. कर्नाटकात ग्रॅनाइट मुबलक, त्यामुळे ओटा, खिडकीची तळपट्टी, जिन्याच्या पायऱ्या सगळीकडे तोच. कडेजवळ ठोका बसला की टवका उडतो आणि तो परत बसवता येत नाही. तिथे हॅमर बंद करून, डायमंड बिट कमी वेगाने फिरवत, थेंब थेंब पाणी देत छिद्र पाडावे लागते. टाइलचा वरचा थर ओलांडून बिट भिंतीत गेले की मगच हॅमर चालू करायचा. या कामाला ताकदीपेक्षा वेगावरचा ताबा महत्त्वाचा, म्हणून बटण हळूहळू दाबता येणारे, मंद वेगातही न अडखळणारे ड्रिल निवडावे.

लाकूडकाम ही तिसरीच गोष्ट. दाराच्या जुन्या चौकटी सागाच्या किंवा होन्नेच्या, म्हणजे मराठी मुलखात ज्याला बिबळा म्हणतात त्या लाकडाच्या असतात. नवी कपाटे बहुतेक १८ मिलिमीटर प्लायची. प्लायमध्ये बिजागऱ्यांचे स्क्रू बसवणाऱ्या सुताराला ताकद फारशी लागत नाही, थांबणे अचूक लागते. ड्रिलच्या चकमागे आकडे असलेली जी रिंग असते ती क्लच. ठरलेला जोर आला की ती कटकट करत सुटते आणि स्क्रूचे डोके प्लायमध्ये रुतत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे दिसायला लहान, ताकदीला मोठे हत्यार. त्यात फिरण्याच्या दिशेने ठोके पडतात, म्हणून लांब स्क्रू आणि गंजलेले बोल्ट ते सहज फिरवते आणि मनगटाला झटका देत नाही. पण त्याला असा यांत्रिक क्लच बहुधा नसतो. बिजागरीच्या छोट्या स्क्रूवर ते वापरले तर प्लाय पोखरला जातो. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या डब्यावर दीडशे-पावणेदोनशे न्यूटनमीटर आणि ड्रिलच्या डब्यावर पन्नास लिहिलेले पाहून पहिले तिप्पट चांगले असे ठरवू नये. दोघांची कामे वेगळी आहेत.

व्होल्टचा आकडा कसा वाचावा

वायरवाले ड्रिल जुने. जर्मनीतल्या फाइन कंपनीने हातात धरता येणारे विजेचे ड्रिल १८९५ मध्ये केले, पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचे बटण यांचे पेटंट अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळाले. बॅटरीचे पहिले ड्रिल त्याच कंपनीने १९६१ मध्ये आणले. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत छिद्रे पाडली तीही बॅटरीच्या ड्रिलने. तरी कॉर्डलेस हत्यारे कित्येक वर्षे दुय्यमच राहिली, कारण निकेल-कॅडमियमची बॅटरी जड असे आणि ठेवल्या जागी उतरे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला. २००५ च्या सुमारास तो मोठ्या ड्रिलमध्ये शिरला आणि चित्र बदलले.

आजच्या जवळजवळ प्रत्येक बॅटरीत त्याच जातीचे गोल सेल असतात. सर्वांत रुळलेला सेल १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नवा आणि मोठा तो २१७००. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरतात, पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकामागे एक जोडले की ३.६ च्या हिशेबाने १८ व्होल्ट होतात, ४ च्या हिशेबाने २० आणि ४.२ च्या हिशेबाने २१. म्हणजे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली १८, २० आणि २१ व्होल्टची ड्रिले या बाबतीत एकच आहेत. तीन सेलची बॅटरी तशीच कुठे १०.८, कुठे १२ व्होल्ट म्हणून विकली जाते.

इथपर्यंत फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. त्यापुढे फसवणूक सुरू होते. स्वस्त हत्यारांवर ४८, ८८ किंवा त्याहूनही मोठे आकडे छापलेले असतात आणि त्यांच्यापुढे व्हीएफ अशी अक्षरे असतात. हा दाबाचा आकडा नव्हे. आत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. खात्री करायला चार्जरच्या मागची चिठ्ठी वाचावी. चार्जरचे आउटपुट २१ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पाच सेलांच्या मालिकेचीच आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो.

वजनाने ओळख

किती वेळ चालेल हे ठरते ते अँपिअर-तासांवर आणि दाबावर मिळून. १८ व्होल्टला ५ अँपिअर-तासांनी गुणले की ९० वॉट-तास होतात. २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना हा वॉट-तासांचा आकडा पाहावा. तो बॅटरीवरच बारीक अक्षरांत छापलेला असतो.

अँपिअर-तासही खोटे लिहिता येतात, पण वजन खोटे बोलत नाही. १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि आजच्या चांगल्यात चांगल्या अशा सेलची क्षमता साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास संपते. हत्याराला एकदम जास्त प्रवाह लागतो, त्यामुळे त्यात त्याहून कमी, अडीच-तीनचे सेल वापरतात. ५ अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीत अडीचचे दहा सेल असतात, पाच-पाचच्या दोन रांगा. नुसते सेलच अर्धा किलो भरतात, वर कवच आणि सर्किट. म्हणून ‘१० अँपिअर-तास’ असे छापलेली बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरली तर तिच्यात पाचच सेल आहेत आणि आकडा खोटा आहे. दुकानात उभ्या उभ्या करता येण्याजोगी याहून चांगली परीक्षा नाही.

दहा सेलांचा फायदा जास्त वेळ चालण्यापुरता नाही. काँक्रीटमध्ये किंवा ग्राइंडरवर भार आला की हत्यार सहाशे वॉट सहज ओढते. १८ व्होल्टवर ते ३३ अँपिअर होतात. पाच सेलांच्या बॅटरीत हा सगळा प्रवाह प्रत्येक सेलातून जातो. दहा सेलांत तो दोन रांगांत वाटला जाऊन प्रत्येकी साडेसोळा उरतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एका सेलात तयार होणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते आणि पूर्ण बॅटरीतली निम्म्यावर. तेच ड्रिल मोठी बॅटरी लावली की ‘जास्त ताकदीचे’ वाटते त्याचे कारण हेच: दाब कमी पडत नाही. उलट पडद्याचे स्क्रू फिरवायला पाऊण किलोची बॅटरी डोक्यावर धरणे हा मनगटावर अन्याय आहे. एक लहान आणि एक मोठी अशी जोडी बहुतेक कामांना योग्य.

याच हिशेबातून ग्राइंडरची गोष्ट समजते. ९० वॉट-तासांची बॅटरी सहाशे वॉटवर नऊ मिनिटांत संपते. फाटकाचा एखादा गज कापायला नऊ मिनिटे पुष्कळ, दिवसभर ग्रॅनाइट कापायला काहीच नाही. तिथे वायरच हवी, आणि ग्रॅनाइट कापणारे कारागीर वायर सोडत नाहीत ते बरोबरच आहे.

मोटरबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासत राहतात. ठिणग्या उडतात, कार्बन झिजतो, बदलावा लागतो. ब्रशलेस मोटरमध्ये फिरणाऱ्या भागावर चुंबक असतात आणि प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनिक सर्किट बदलते. घर्षण आणि उष्णता कमी, म्हणून त्याच बॅटरीत जास्त छिद्रे पडतात. सर्किट जळले तर मात्र दुरुस्ती महाग पडते, कार्बनसारखी पाच मिनिटांत होत नाही. रोज काम करणाऱ्याने ब्रशलेस घ्यावे. वर्षातून पाच-सहा वेळा ड्रिल काढणाऱ्या घराने त्यासाठी जादा पैसे घालण्याची गरज नाही.

घराणे एकदाच निवडावे

बॅटरीचा खाचा हा कंपनीचा कुंपणाचा दगड असतो. बॉशची निळी व्यावसायिक हत्यारे आणि हिरवी घरगुती हत्यारे दोन्ही १८ व्होल्टची, पण त्यांच्या बॅटऱ्या एकमेकांत चालत नाहीत. डीवॉल्ट, स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर या एकाच मालकीच्या कंपन्या, तरी बॅटऱ्या वेगळ्या. मकिटाची १८ व्होल्टची मालिका आणि ४० व्होल्टची मालिका यांचेही तसेच. भिंती पाडण्याचे प्रयत्न झाले आहेत: मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये काही कंपन्यांनी समान बॅटरी स्वीकारली, बॉशनेही व्यावसायिक मालिकेसाठी इतरांना सोबत घेतले. पण बाजार अजून मुख्यतः कुंपणांचाच आहे.

म्हणून घेण्यापूर्वी पुढच्या चार-पाच वर्षांत कोणती हत्यारे लागतील ते आधी लिहून काढावे. सुताराला ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, जिगसॉ, गोल करवत. इलेक्ट्रिशियनला रोटरी हॅमर आणि ग्राइंडर. बाग असलेल्या घराला फांद्या छाटायची छोटी करवत आणि ब्लोअर. ही सगळी हत्यारे ज्या एका मालिकेत भारतात मिळतात, आणि जिचे सर्व्हिस सेंटर म्हैसुरात किंवा निदान बंगळुरूमध्ये आहे, ती मालिका निवडावी. पहिल्यांदा दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा संच घ्यावा, नंतर नुसती हत्यारे. चार्जरकडेही पाहावे: दोन अँपिअरचा चार्जर ५ अँपिअर-तासांची बॅटरी भरायला अडीच तास किंवा जास्त घेतो, आठ अँपिअरचा पाऊण तासाच्या आसपास. दिवसभर काम करणाऱ्यासाठी वेगवान चार्जर हा तिसऱ्या बॅटरीइतकाच उपयोगी.

बाजारात मकिटाच्या आकाराचा खाचा असलेली स्वस्त हत्यारे आणि नक्कल बॅटऱ्याही भरपूर मिळतात. बॅटरी बसल्याने सगळे जुळले असे होत नाही. चांगल्या बॅटरीतले सर्किट सेलांचे तापमान आणि दाब पाहते, हत्याराला आणि चार्जरला थांब म्हणून सांगते. नकलेत यातले काही असते, काही नसते. थकलेल्या बॅटरीत नवे सेल भरून देणारे कारागीर आहेत आणि काम मन लावून केले तर ते टिकतेही. मात्र पॉवर बँकेतले किंवा जुन्या लॅपटॉपचे सेल हत्याराचा प्रवाह झेलू शकत नाहीत. विचारायचे ते एवढेच, की सेल जास्त प्रवाहाचे आहेत का आणि सगळे एकाच तुकडीतले आहेत का. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा, आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो.

आणि काही घरांनी बॅटरीचे ड्रिल घेऊच नये, हेही सांगायला हवे. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने थकते. वर्षात दोन फोटो आणि एक घड्याळ टांगणाऱ्या फ्लॅटसाठी वायरवाले हॅमर ड्रिल स्वस्त आणि भरवशाचे. मुलुंडच्या रॅलीवुल्फची दणकट ड्रिले महाराष्ट्रातल्या वर्कशॉपमधून पिढीभर चालली. ती कुणाला चार्ज करून ठेवावी लागली नाहीत. त्याउलट कपाटांचे स्क्रू, पडद्यांच्या पट्ट्या, मुलांच्या सायकली अशी बारीक कामे सतत निघणाऱ्या घरात तीन सेलांचे, १२ व्होल्ट वर्गातले लहान ड्रिल जितके हातात राहते तितके मोठे राहत नाही. प्लायवर काम करणाऱ्या सुतारालाही दिवसाचा बराच भाग तेच पुरते. त्याची उपेक्षा होते ती निव्वळ आकडा लहान असल्यामुळे.

सांभाळ आणि शेवट

लिथियमला दोन गोष्टींचा त्रास होतो: उष्णता आणि टोकाची स्थिती, मग ती पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी. समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटर उंचीवरच्या म्हैसूरची हवा या दृष्टीने मानवणारी आहे. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बॅटरी जितकी तापते तितकी इथे तापत नाही. पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कुठलेही गाव सारखेच. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये; चांगला चार्जर ती निवेपर्यंत थांबतो, स्वस्त चार्जर थांबेलच असे नाही. महिनोन्‌महिने ठेवायची तर निम्म्याच्या आसपास भरून, हत्यारातून काढून, घरातल्या थंड जागी ठेवावी. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पावसाळाभर पडून राहिली की सेलांचा दाब सुरक्षित मर्यादेखाली जातो आणि चार्जर तिला स्वीकारत नाही. निकेल-कॅडमियमच्या काळातली ‘पूर्ण संपवून मगच चार्ज करा’ ही सवय इथे नुकसान करते.

विमानप्रवासातही वॉट-तास उपयोगी पडतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या हातातल्या सामानात नेता येतात, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. ड्रिल मात्र चेक-इन सामानातच द्यावे लागते. बॅटरीची टोके झाकलेली असावीत.

या बॅटऱ्यांतले सेल भारतात अजून मुख्यतः बाहेरून येतात. म्हैसूरला लागूनच्या मंड्या जिल्ह्यात, मार्लगल्ला परिसरात, अणुखनिज संचालनालयाला लिथियमचा साठा आढळला आहे. अंदाज १,६०० टनांचा, म्हणजे देशाच्या गरजेपुढे लहानच. त्यामुळे थकलेल्या बॅटरीतले लिथियम, कोबाल्ट, निकेल परत मिळवणे महत्त्वाचे ठरते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार ती जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर आहे, आणि वापरणाऱ्याने अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची आहे. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. देण्यापूर्वी तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जमा करावी. फुगलेली किंवा फुटलेली असेल तर चार्जरला पुन्हा न लावता.